गावातला भोळा ओतीक आणि चेक विनोद : हा सिनेमा मंडळात दाखवावा का?

कृष्णाकाठची

आमचं सांगलीत एक लहान चित्रपट मंडळ आहे. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पडदा लावतो. येणारी मंडळी बहुतेक निवृत्त, अधूनमधून कॉलेजची दोनचार मुलं. जुलैसाठी मी एक चेक विनोदी सिनेमा सुचवला आणि समितीत त्यावरून चांगलीच जुंपली. म्हणून हा धागा.

सिनेमा 'वेस्निच्को मा स्त्रेदिस्कोवा', १९८५ सालचा. बाहेर तो 'माय स्वीट लिटल व्हिलेज' म्हणून माहीत आहे. दिग्दर्शक यिर्झी मेंझेल, पटकथा झ्देन्येक स्व्येराक यांची. पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सहकारी शेतीचं एक गाव आहे. तिथे पावेक नावाचा जाडा, तापट ट्रक ड्रायव्हर आणि त्याच्या हाताखाली ओतीक, उंच, काटकुळा, सदा हसतमुख, बुद्धीने मंद. आईबाप नाहीत, पण वडिलोपार्जित घर आहे. अख्खा गाव त्याच्याकडे बघतो, म्हणजे जेवू घालतो, रागावतो आणि वापरूनही घेतो. ट्रक मागे घेताना हा खुशाल हात दाखवत राहतो आणि फाटकाचा खांब आडवा होतो. शेवटी पावेक वैतागतो आणि सांगून टाकतो की सुगीपर्यंत याला सांभाळीन, पुढे नाही. नंतर ओतीकला संतापी तुरेकच्या ट्रकवर जावं लागणार. तेवढ्यात प्रागहून नोकरीचं आणि फ्लॅटचं पत्र येतं. खरी गोम अशी की तिथल्या एका साहेबाला सुट्टीसाठी ओतीकचं घर हवं असतं.

आमच्या समितीतले एक ज्येष्ठ सर म्हणाले, "गतिमंद मुलाच्या फजितीवर दीड तास हसायचं, हे मंडळाला शोभत नाही." सर मनाने अतिशय चांगले आहेत, म्हणूनच मला त्यांचं म्हणणं झटकता येत नाही. माझं मत असं की हसू ओतीकवर नाही, त्याच्याभोवतीच्या शहाण्यांवर आहे. डॉक्टर निसर्ग बघत गाडी हाकतो आणि रस्ता सोडतो. तुरेक बायकोवरच्या संशयाने पेटलेला. पावेकला बिअर कुठल्या पायरीवर ठेवायची याचं शास्त्र येतं, पण रोज शेजारी बसणाऱ्या पोराला समजून घेणं काही जमत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि हा नको तर दुसरा कुठला?

भटकभवानी

दाखवा! डोळे मिटून दाखवा. (म्हणजे प्रेक्षकांनी उघडे ठेवून.)

रीळवाला

उत्तम धागा. सिनेमातलं दोघांचं गणित बघा. एक जाड, एक बारीक, सकाळी कामाला निघताना पावलाला पाऊल जुळवून चालणारे. मूकपटाच्या जमान्यापासून चालत आलेली ही जोडी आहे. मेंझेलने ती शेतीच्या ट्रकमध्ये बसवली. एकाही संवादाशिवाय, नुसत्या चालण्यावरून दोघांचं नातं कळतं.

आणि एक मजेची गोष्ट. ओतीक झालेला यानोश बान हा हंगेरियन नट. त्याला चेक येत नव्हतं. सिनेमात ऐकू येतो तो आवाज पेत्र ब्रुकनर या चेक नटाचा. पावेक झालेला मारिआन लाबुदा स्लोव्हाक. म्हणजे ज्या जोडीला चेक लोक आपल्या गावची म्हणून कवटाळतात, त्यातला एकही चेक नाही.

बाननं जो चेहरा दिलाय त्याला तोड नाही. तो कुठेही 'बघा मी कसा भोळा' असं करत नाही. ओतीक ज्या गोष्टीकडे बघतो तिच्याकडे पूर्ण बघतो, एवढंच. सरांना हे दाखवा. वेड्याचं सोंग आणि ही भूमिका यातला फरक पाच मिनिटांत कळतो.

दहाचाकी

मी ट्रान्सपोर्टवाला. वडिलांच्या वेळेपासून गाड्या आहेत, ऊस आणि विटांची वाहतूक. हा धागा वाचून काल सिनेमा पाहिला, बायकोनेही पाहिला.

सगळे ओतीकचं कौतुक करताय, मी पावेकच्या बाजूने बोलतो. गाडी रिव्हर्स घेताना ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसतं. तो ऐकतो फक्त क्लीनरचा आवाज. "येऊ दे, येऊ दे, डावी मार, येऊ दे... बस!" त्या 'बस'वर त्याचा भरवसा असतो. बॉडीवर हाताची थाप पडली की ब्रेक. क्लीनरचं लक्ष उडालं तर आज खांब गेला, उद्या मागे खेळणारं पोर जाईल. आमच्याकडे असा मुलगा असता तर मी त्याला गॅरेजमध्ये टायर-पाण्याचं काम दिलं असतं, गाडीमागे उभं केलं नसतं.

पावेक ओरडतो कारण जबाबदारी त्याची आहे. गावाने दया दाखवली आणि भार टाकला एकट्या पावेकवर. सहकारी संस्थेचा चेअरमन ऑफिसात, डॉक्टर दवाखान्यात, आणि दिवसभर केबिनमध्ये ओतीकसोबत कोण? पावेक. त्याने "आता पुरे" म्हटलं तर तो लगेच वाईट ठरतो.

रानजाई

दहाचाकी, हे कुठल्याही परीक्षणात वाचलं नव्हतं. फार नेमकं.

पण मग याच माणसाचं शेवटी ट्रक घेऊन प्रागला जाणं जास्त मोठं वाटत नाही का? भार कोणाचा हे त्याला सगळ्यांत जास्त माहीत आहे, आणि तरी तोच जातो.

अबोली

मला थोडं लांब लिहायचं आहे.

माझा धाकटा भाऊ गतिमंद आहे. आता चाळिशीत आहे. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतो. हा सिनेमा मी त्याच्यासोबत पाहिला. तो पोट धरून हसला, विशेषतः डॉक्टरच्या गाडीला. ओतीकच्या चुकांना तो हसला नाही, त्या प्रसंगांत गप्प बसून बघत होता. यावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका, त्याच्या हसण्याचा हिशेब मलाही लागत नाही.

सिनेमात बरोबर काय आहे ते आधी. ओतीकला काम आहे, पगार आहे, स्वतःच्या नावावर घर आहे. तो कोणाच्या वळचणीला राहत नाही. रस्त्यावर त्याला लोक नावाने हाक मारतात. माझ्या भावाला आमच्या इमारतीत बरेच जण 'ताईंचा भाऊ' म्हणतात. ओतीकला त्या गावात जे आहे ते मी भावासाठी वर्षानुवर्षं शोधते आहे, आणि ते कुठल्या संस्थेच्या माहितीपत्रकात नसतं.

आता काय खटकतं. खांब पडतो ते नाही. तुरेकची बायको आणि तिचा प्रियकर कास्पर भेटण्यासाठी ओतीकचं घर वापरतात आणि त्याला सिनेमाला पिटाळतात, ते मला सहन होत नाही. सिनेमा ते गमतीत घेतो, नवऱ्याला चुकवण्याचा फार्स म्हणून. पण ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या घराची चावी सगळ्यांच्या हातात असते, हे मी फार जवळून पाहिलंय. आमच्या एका नातेवाइकाने भावाच्या सहीने काय काय केलं ते इथे सांगत बसत नाही.

म्हणून कृष्णाकाठची, सरांना म्हणावं की तुमची शंका रास्त आहे, फक्त बोट चुकीच्या प्रसंगावर ठेवलंय.

आणि अजून एक. परत नेताना ओतीकला विचारतं कोण? प्रागला जा म्हटलं, तो गेला. परत चल म्हटलं, तो आला.

मोहोर

अबोली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद, इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल.

रीळवाला

अबोली, घराच्या चावीचा मुद्दा मान्य. फक्त माझं वाचन थोडं वेगळं आहे. तेच घर प्रागच्या साहेबाला हवं असतं. म्हणजे ओतीकचं घर गावातल्यांनाही सोयीचं आणि शहरवाल्यांनाही. स्व्येराकने दोन्ही धागे एकाच घराला बांधलेत हे उगाच झालेलं नाही. प्रेक्षक कास्परच्या चोरट्या भेटींना हसतो, आणि तीच युक्ती फ्लॅटचं गोड पत्र होऊन येते तेव्हा त्याला राग येतो. पहिल्या वेळी हसलेल्यांना दुसऱ्या वेळी जरा टोचावं, अशी ती रचना आहे असं मला वाटतं.

ओतीकला विचारत नाहीत हे मात्र खरं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

दहाचाकी

त्याला विचारायची गरज का पडावी? त्या मोठ्या बिल्डिंगींच्या रांगेत तो एकटा. चेहराच सांगतो.

अबोली

दहाचाकी, रागावू नका, पण 'चेहराच सांगतो' हे वाक्य मी बऱ्याच लोकांकडून ऐकलंय आणि दर वेळी त्यांना हवं तेच चेहऱ्याने सांगितलेलं असतं. :)

दहाचाकी

ताई, रागावलो नाही. बायको म्हणते तुमचं बरोबर आहे.

व्ल्तावाकाठी

प्रागहून लिहितोय, नोकरीनिमित्त इथे बरीच वर्षं आहे. त्या 'साहेबाला घर हवंय' भागावर थोडं लिहितो, कारण तो कळला नाही तर अर्धा सिनेमा कळत नाही.

चेक लोकांचं गावाकडच्या सुट्टीच्या घराचं वेड विलक्षण आहे. जुनं शेतकऱ्याचं घर असेल तर 'खालुपा', लाकडी झोपडीवजा असेल तर 'खाता'. शुक्रवारी दुपारनंतर प्राग रिकामं होतं. याला इतिहास आहे. १९६८च्या ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत गटाच्या, फौजा घुसल्या, सुधारणांचं स्वप्न संपलं, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत सार्वजनिक आयुष्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही. मग लोक खालुपात शिरले. भिंती सारवा, छप्पर दुरुस्त करा, काकड्या लावा. सत्तेलाही ते सोयीचं होतं. माणूस शनिवारी सिमेंट कालवत असेल तर चौकात घोषणा देत नाही.

त्यामुळे चांगल्या गावातलं चांगलं घर हे त्या काळी मोठं घबाड होतं आणि ते मिळवायला ओळख, पद, वशिला लागायचा. एका भोळ्या पोराला सरकारी खर्चाने फ्लॅट देऊन त्याचं घर उपटायचं, हा प्रकार १९८५च्या प्रेक्षकाला अजिबात काल्पनिक वाटला नसणार. सेन्सॉरच्या नाकाखालून हे सुटलं कारण वरून सगळं गोड आहे.

स्व्येराकचा हा आवडता विषय. त्याच्याच सहलेखनातला, मेंझेलनेच केलेला १९७६चा 'ना सामोत्ये उ लेसा' पाहा. प्रागचं एक कुटुंब कोमारेक नावाच्या म्हाताऱ्याच्या घरावर डोळा ठेवून त्याच्याकडे राहायला जातं. आजोबा काही हलत नाहीत, आणि यांना आजोबांचाच लळा लागतो. तिथे शहरातला बाप स्वतः स्व्येराकने केलाय.

कोकणमेवा

खालुपावाल्यांचं वाचून आमचं गाव आठवलं. दापोलीकडे ज्या आजोबांनी जमीन द्यायला नकार दिला त्यांच्या चारही बाजूंना आता फार्महाऊस आहेत. शनिवारी रात्री गाणी. कोमारेक आजोबांचा सिनेमा आधी बघतो.

खमंग

इतकं सगळं वाचलं, पण बिअरच्या पायरीचं कोणीच सांगितलं नाही. धागाकर्ती उल्लेख करून पळाल्या.

कृष्णाकाठची

खमंग, सांगते. पावेक ओतीकला तळघरातून बिअर आणायला सांगतो. ती ठेवायची जागा ठरलेली, सातवी पायरी. एक पायरी वर ठेवली तर कोमट, एक पायरी खाली ठेवली तर गारठलेली. ओतीक चुकीच्या पायरीवरची आणतो, आणि पावेक पहिल्या घोटाला ओळखतो. मग जे प्रवचन सुरू होतं! लाबुदाचा चेहरा बघा त्या वेळी. एखाद्या बुजुर्ग गवयाने शिष्याचा बेसूर षड्ज ऐकावा तसा.

खमंग

आमच्याकडे सातव्या पायरीवर सासूबाईंची लोणच्याची बरणी आहे. आठवीवर सरकवायची सोय नाही.

सुगरणीचा खोपा

बरणी कोरड्या जागी ठेवा हो, तळघराचा दमट वास लागतो. कैरी कोणती घेतलीत यंदा?

खमंग

राजापुरी. बाकी खासगी निरोपात बोलू, नाहीतर संपादक येतील.

शब्दवेडी

कृष्णाकाठची, सरांना दुसरा पर्याय हवाच असेल तर मेंझेलचाच 'पोस्त्रझिझिनी' (१९८०) घ्या. बोहुमिल ह्राबालच्या कथेवरचा. तिथला पेपिन काका खराखुरा बाहेरून आलेला विक्षिप्त. लहान गाव, लाबे नदीकाठ, दारूभट्टी नव्हे हं, बिअरचा कारखाना. व्यवस्थापक फ्रान्त्सिन हा शिस्तीचा, सतत हिशेबात असलेला गृहस्थ. त्याची बायको मारिश्का, पायापर्यंत सोनेरी केस. आणि एक दिवस फ्रान्त्सिनचा भाऊ पेपिन येऊन टपकतो. तो बोलत नाही, ओरडतो. सगळ्या गोष्टी ओरडून सांगतो, कारखान्यात हातोडी घेऊन ठाकठोक करत असतानाही. संचालक मंडळाची बैठक चाललेली असते आणि खालून याचा आवाज. पुढे मारिश्का आणि पेपिन दोघं कारखान्याच्या धुराड्यावर चढतात आणि खाली सगळं गाव जमा होतं.

ह्राबालचा खरोखरचा काका असाच होता. दोन आठवड्यांसाठी म्हणून निंबुर्कला (कथेतला बिअर कारखाना तिथलाच) आला तो जन्मभरासाठी राहिला. घरातल्यांना त्याचा किती ताप झाला असेल ते देव जाणे, पण चेक साहित्याला एक अख्खा लेखक मिळाला. काकाची ती न थांबणारी बडबड ऐकत ऐकतच ह्राबालची शैली घडली.

रीळवाला

शब्दवेडी, भारी आठवण. पेपिन झालाय यारोमिर हान्झलिक आणि मारिश्का माग्दा वाशारिओवा. वाशारिओवा पुढे ऑस्ट्रियात चेकोस्लोव्हाकियाची राजदूत झाली आणि १९९९ला स्लोव्हाकियाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढली.

चित्रीकरण निंबुर्कला नाही, मोराव्हियातल्या दालेशित्सेच्या जुन्या बिअर कारखान्यात झालंय. तो तेव्हा बंद पडलेला होता. आता पुन्हा सुरू आहे आणि सिनेमाचे चाहते आवर्जून जातात.

पण कृष्णाकाठची, एक धोक्याची सूचना. 'पोस्त्रझिझिनी'मध्ये डुक्कर कापण्याचा मोठा सोहळा आहे. रक्त, सॉसेज, एकमेकांच्या तोंडाला रक्त फासणं, सगळं आनंदाने. तुमच्या निवृत्त मंडळींत माळकरी किती?

कृष्णाकाठची

बरेच. सर स्वतः. :D

भटकभवानी

सरांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. ओतीक नको तर डुक्कर घ्या.

व्ल्तावाकाठी

निंबुर्कचं एक सांगायलाच हवं. कारखान्याच्या भिंतीवर ह्राबालच्या नावाची पाटी लावायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, लावायचीच असेल तर कुत्र्यांना पाय वर करता येईल एवढ्या उंचीवर लावा. आणि ती खरोखरच तशी लावली आहे, जमिनीलगत. मी वाकून वाचली. तिथली बिअर आज 'पोस्त्रझिझिनी'च्याच नावाने विकतात.

मोहोर

माझं मत 'रोझमार्ने लेतो'ला, १९६८. जुलैत दाखवायचाय ना? यात उन्हाळा आहे पण सतत पाऊस पडतोय. नदीकाठचं लहानसं स्नानाचं गाव. पोहण्याचा तलाव चालवणारा दूरा, एक निवृत्त मेजर आणि एक पाद्री, तिघे मध्यमवयीन, तिघांनाही आयुष्याचा कंटाळा. तिथे आर्नोश्तेक नावाचा दोरीवर चालणारा जादूगार येतो, सोबत अॅना. तिला बघून तिघेही पाळीपाळीने पाघळतात आणि पाळीपाळीने फजीत होतात. पाद्र्याचा भांडणात फाटलेला कान दूरा मासे धरायच्या गळाने शिवतो!

आर्नोश्तेक म्हणजे खुद्द मेंझेल. सडपातळ, चष्मा, चेहऱ्यावर काही नाही, आणि तारेवर चालतोय.

मूळ कादंबरी व्लादिस्लाव वान्चुराची, १९२६ची. वान्चुराला नाझींनी जून १९४२मध्ये गोळ्या घातल्या. हे माहीत असलं की तो हलकाफुलका पावसाळी सिनेमा बघताना घशात काहीतरी येतं.

रानजाई

मोहोर, सिनेमा सुंदरच. पण मंडळासाठी जड जाईल. संवाद सगळे जुन्या अलंकारिक भाषेत आहेत, इंग्रजी उपशीर्षकांत त्याची चव राहत नाही. आणि त्यात बाहेरून आलेला माणूस गावाला हलवून निघून जातो. कृष्णाकाठचीचा प्रश्न जो गावातच राहतो त्याच्याबद्दल आहे.

आडगावकर

सगळ्यांचं वाचतोय. मला एक कळत नाही, हा मेंझेल एवढा मोठा, तर त्याने गंभीर काही केलं नाही का? सगळं हसतखेळतच?

रीळवाला

आडगावकर, मेंझेलसाठी 'गंभीर' आणि 'हसतखेळत' हे दोन वेगळे कप्पे नव्हतेच. पहिलाच मोठा सिनेमा 'ओस्त्र्झे स्लेदोव्हाने व्लाकी' (१९६६), ह्राबालच्याच कथेवर. नाझी ताब्यातलं एक लहान स्टेशन, तिथला नवखा, लाजरा कर्मचारी, आणि शेवटी दारूगोळ्याची गाडी. त्याला ऑस्कर मिळालं. सिनेमा केला तेव्हा मेंझेल तिशीचाही नव्हता. मग १९६९ला भंगाराच्या कारखान्यात सक्तीने काम करणाऱ्या 'बूर्झ्वा', म्हणजे जुन्या सुखवस्तू वर्गातल्या, लोकांवर 'स्क्र्झिव्हान्त्सी ना निती' केला. तो बंद कपाटात गेला. राजवट कोसळल्यावर १९९०ला बाहेर आला आणि बर्लिन महोत्सवात सोनेरी अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मधली काही वर्षं त्याला काम दिलं नाही. नंतर परत मिळालं तेव्हा त्याने कडवट काही केलं नाही, ओतीक आणि पेपिन केले. काही जण याला तडजोड म्हणतात. मी म्हणत नाही. ज्या काळात प्रत्येकाने मोजून-मापून एकसारखं असावं अशी अपेक्षा होती, त्या काळात तो सलग अशा माणसांच्या गोष्टी सांगत राहिला जी कुठल्याच मापात बसत नाहीत.

'वेस्निच्को'ला परदेशी चित्रपटाचं ऑस्कर नामांकन होतं. ते डच 'डे आन्स्लाख'ने नेलं.

गोवेकार

मेंझेलला मी प्रत्यक्ष पाहिलंय! २०१३चा इफ्फी, पणजी. त्याला जीवनगौरव दिला होता आणि उद्घाटनाला त्याचाच 'डॉन हुआन्स' हा सिनेमा होता. पांढरे केस, बारीक अंगकाठी. तेव्हा त्याचे आधीचे सिनेमे मी पाहिलेले नव्हते, नाहीतर जाऊन पाया पडलो असतो.

रीळवाला

गोवेकार, हेवा वाटतो. आणि भारताशी त्याचं आणखी एक नातं आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचे शिवेंद्रसिंह डुंगरपूर, आपल्या एफटीआयआयचे, यांनी मेंझेलवर 'चेकमेट' नावाचा माहितीपट केला. तो २०१८ला पूर्ण झाला, सात तासांहून मोठा आहे. मेंझेल २०२०च्या सप्टेंबरात गेला.

खमंग

सात तास! मध्ये जेवण देतात का?

तर्कटी

विरोधी सूर लावतो. सगळे शब्द गोड आहेत, पण मूळ मुद्दा सुटतोय. सर बरोबर आहेत. सभागृहात तीस माणसं ओतीक पडला, धडपडला की हसणारच. रचना कितीही खोल असो, हसणाऱ्याच्या डोक्यात ती नसते. त्यातल्या कोणाच्या घरी असं माणूस असेल तर त्याने त्या हशात कसं बसायचं?

अबोली

तर्कटी, मी त्या हशात बसेन. मला त्रास हशाचा होत नाही. आम्ही बागेत जातो तेव्हा कोणी हसत नाही, सगळे गप्प होतात आणि मुलांना बाजूला ओढतात. त्या गप्प होण्यापेक्षा मला पावेकचं ओरडणं चालेल. तो ओतीकवर ज्या आवाजात ओरडतो त्याच आवाजात घरच्यांवरही ओरडतो.

फक्त एक करा. सिनेमा संपल्यावर दिवे लावून लगेच चहा नको. थोडं बोलू द्या लोकांना.

तर्कटी

हे मान्य. चर्चा असेल तर माझा विरोध मागे.

व्ल्तावाकाठी

मंडळासाठी माहिती : चित्रीकरण क्र्झेचोविचे या गावी झालं, प्रागच्या दक्षिणेला, बेनेशोव्ह जिल्ह्यात. तेच संगीतकार योसेफ सूकचंही जन्मगाव (१८७४), त्याचं स्मारकही तिथे आहे. पण आज त्या गावाचं नाव घेतलं की लोकांना आधी ओतीक आठवतो. चर्चेआधी दोन मिनिटं नकाशा दाखवलात तर मंडळींना मजा येईल.

प्रदर्शनाच्या परवानगीसाठी दिल्लीतल्या चेक दूतावासाला पत्र लिहून बघा. त्या काळच्या सिनेमांचे हक्क कोणाकडे आहेत ते तेच सांगू शकतील. आणि तुमचं मंडळ फिल्म सोसायटी फेडरेशनशी जोडलेलं असेल तर त्यांच्यामार्फत जा.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली. अबोली, तुमचे दोन्ही प्रतिसाद तुमचं नाव न सांगता वाचून दाखवले. दहाचाकींचाही. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे खांबाचं सोडा, घराचं बघा." आणि होकार दिला. अट एकच, नंतरच्या चर्चेची सुरुवात ते करणार आणि ते त्यांच्या मूळ आक्षेपापासूनच करणार. मला ही अट फार आवडली.

नकाशा लावू. दूतावासाला पत्र गेलंय, फेडरेशनकडेही चौकशी चालू आहे. डुकराचा सिनेमा बाद.

आता खरी अडचण. आमच्याकडच्या निम्म्या लोकांना इंग्रजी उपशीर्षकं त्या वेगाने वाचता येत नाहीत. मराठी करायला हवीत. सिनेमा दीड तासाचा आहे, संवाद बेताचे. चार-पाच जणांनी वाटून घेतलं तर होईल. परवानगी येईपर्यंत आपली तयारी होऊन जाईल. कोण कोण येतं?

शब्दवेडी

मी. पहिली वीस मिनिटं द्या. ओळीला फार तर पस्तीस-चाळीस अक्षरं आणि पडद्यावर दोन ओळींपेक्षा जास्त नको, हे सगळ्यांनी पाळू या. नाहीतर वाचता वाचता चेहरे निसटतात, आणि यात चेहरेच बघायचे आहेत.

व्ल्तावाकाठी

चेक ऐकून तपासायचं काम माझ्याकडे. माझी शेजारीण मूळची त्याच भागातली आहे, तिला हा सिनेमा तोंडपाठ आहे. अडलं तर तिला विचारीन.

अबोली

ओतीकचे संवाद सलग एकाच व्यक्तीने करावेत असं वाटतं, भाग कोणाच्याही वाट्याला येवो. ते मी करते. तो कमी बोलतो, पण बोबडं किंवा लहान मुलासारखं मराठी त्याच्या तोंडी नको. साधी, नीट वाक्यं.

दहाचाकी

मग पावेक मला द्या. टायपिंग बायको करेल. ट्रक मागे घेण्याचे प्रसंग तर माझेच. आणि आधीच सांगतो, त्याचं ओरडणं मी सौम्य करणार नाही.